गाण्यातला अंतरा चोरीला गेलाय का?

कानसेन:
पंधरा दिवस हट्टाने फक्त गेल्या सात-आठ वर्षांतली पॉप गाणी ऐकली. आवाज उत्तम, ठेके भन्नाट, पण गाणं रंगात येतंय म्हणेपर्यंत संपतं. इंट्रोला फाटा, थेट हुक, म्हणजे डोक्यात घोळत राहणारी ओळ. अमेरिकन रॅपर लिल नास एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' मुळात १ मिनिट ५३ सेकंदांचं. रीमिक्सचा हात लागला आणि २०१९ मध्ये बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १९ आठवडे पहिलं! स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात. पुढे दोन मिनिटं वाजो की सहा, हिशेब तोच. मग ब्रिज, म्हणजे गाण्याला मध्येच वळण देणारा तुकडा, लिहायचे कष्ट कोण घेणार?

बारीकराव:
जुन्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. ती गाणी 'अवीट' आणि आजची 'आखूड'?

कानसेन:
तेव्हा जागाच नव्हती हो. असलेल्या तीन मिनिटांत दोन अंतरे बसवायची धडपड ऐकू येते. आता जागा पडून आहे आणि वापरायची कुणाला हौस नाही.

झोपाळू:
हौस नाही कशी? टेलर स्विफ्टच्या 'ऑल टू वेल'ची दहा मिनिटांची आवृत्ती २०२१ मध्ये हॉट १०० वर पहिली आली. त्याआधी सगळ्यात लांब पहिल्या नंबराचा मान ८ मिनिटं ३७ सेकंदांच्या 'अमेरिकन पाय'कडे होता, तो १९७२ पासून.

कानसेन:
तिने दहा मिनिटं नुसती शिट्टी वाजवली तरी पहिली येईल. नवख्या पोराने एवढं लांबण लावून दाखवावं.

झोपाळू:
हे मात्र खरं.

बारीकराव:
लांबी मोजणं सोडा, आत काय घडतंय ते ऐका. बिली आयलिशचं 'बॅड गाय' हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर नको, बास गायब होतो. भाऊ फिनियसबरोबर घरातल्या बेडरूममध्ये केलेल्या अल्बममधलं हे गाणं. रस्ता ओलांडायच्या सिग्नलची टकटक तिने सिडनीत टिपली होती, ती ठेक्यात मिसळलीये. आणि अडीच मिनिटांच्या आसपास सगळं थांबतं, लय एकदम बसते, तीच बाई वेगळ्याच तोऱ्यात बोलायला लागते. तुमचा हरवलेला अंतरा तिथे आहे. फक्त त्याने कपडे बदललेत.

कानसेन:
ऐकलं. दोनदा. तो शेवटचा तुकडा जबरदस्त आहे, मान्य. पण तुम्ही हजारातलं एक उचलून आणलंत. आपोआप लागणाऱ्या यादीत मला उरलेली नऊशे नव्याण्णव भेटतात.

बारीकराव:
यादीच्या नादी लागू नका, अख्खा अल्बम लावा. स्पॅनिश गायिका रोसालियाचा 'एल माल केरेर', २०१८. फ्लामेंको हे स्पेनचं पारंपरिक संगीत आणि आजचा पॉप, अकरा गाणी, सगळी मिळून अर्धा तास. प्रत्येक गाणं म्हणजे एका गोष्टीचं एक प्रकरण. सुटं ऐकलंत तर तुम्हाला आखूडच वाटेल, म्हणून क्रम मोडू नका. स्पॅनिश कळत नाही ही सबब चालणार नाही, मलाही कळत नाही. टाळ्यांचा ठेका कळतो.

कानसेन:
बरं, आज रात्री लावतो. नाही आवडलं तर मध्येच बंद करणार.

झोपाळू:
करा की. फक्त एकतिसाव्या सेकंदाला करा, बिचारीचा स्ट्रीम तरी मोजला जाईल.