रविवारची ट्रकबंदी : देश तितके नियम

युरोपीय संघात सीमा खुल्या असूनही ट्रक रविवारी सीमेजवळ का थांबून राहतात, या प्रश्नासंदर्भात थोडे सांगतो. ही बंदी संघ ठरवत नाही. प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवतो. जर्मनीत साडेसात टनांहून अधिक कमाल वजनाच्या ट्रकना रविवारी मध्यरात्रीपासून रात्री १० वाजेपर्यंत मनाई असते, फ्रान्समध्ये ती शनिवारी रात्री १० लाच सुरू होते, तर ऑस्ट्रियात शनिवारी दुपारी ३ पासून. संघाबाहेरच्या स्वित्झर्लंडमध्ये मर्यादा साडेतीन टनांची असून रविवारच्या बंदीबरोबरच रोज रात्री १० ते पहाटे ५ देखील बंदी असते. ताजे दूध, मांस, नाशवंत फळे-भाज्या यांना जर्मनीत सवलत आहे.

माझ्या मते नियोजन करणाऱ्याला खरा त्रास रविवारपेक्षा सणांच्या सुट्यांना असलेल्या अशाच बंदीचा होतो, कारण जर्मनीत या सुट्या राज्यागणिक बदलतात : ३१ ऑक्टोबरचा धर्मसुधारणा दिन हॅम्बुर्गमध्ये पाळला जातो, बव्हेरियात नाही, १ नोव्हेंबरच्या सर्व संत दिनाचे नेमके उलट. म्हणजे त्या दिवसांत हॅम्बुर्गहून बव्हेरियातल्या म्युनिकला निघालेल्या ट्रकला आधी उत्तरेत आणि दुसऱ्या दिवशी दक्षिणेत थांबावे लागू शकते.