अनुभव धागा : गॅस न पेटवता पोटभर, दुखण्याच्या दिवसांतलं जेवण

मधुमेह, आमवात, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), किडनीचं दुखणं घेऊन जगणाऱ्यांना असा दिवस येतोच, की ओट्यापाशी उभं राहवत नाही. त्यात आपल्या नागपूरचा मे महिना, पारा ४५ अंशांच्या घरात. अशा दिवशी उपाशी राहणं वाईट आणि बिस्किटांवर भागवणंही वाईट. तुम्ही काय खाता, कसं जमवता, ते लिहा. आजाराचं नाव नक्की टाका, एकाचं पथ्य दुसऱ्याला बाधू शकतं.

महाल, आमवात
सकाळी बोटं वळतच नाहीत. चिरणं-सोलणं राहू द्या, बरणीचं झाकणसुद्धा फिरत नाही. माझा आधार म्हणजे पातळ पोहे. दही, जरा दूध, मीठ-साखर घातली की लगेच मऊ होतात. वरून जवसाची चटणी, ती बरं वाटेल त्या दिवशी कुटून ठेवते. सांबार (कोथिंबीर) हातानेच तोडते. कधी मुरमुऱ्यांचा कच्चा चिवडा : कच्चं तेल, तिखट, मीठ, फल्लीदाणे, डाळवं. कांदा शेजारची ताई चिरून देते. पण खरं सांगू, अडचण पदार्थांची नसते, डब्यांची असते. फिरकीच्या बरण्या काढून सैल झाकणाचे स्टीलचे डबे घेतले आणि सगळे कमरेच्या उंचीवर मांडले. वाकणं नाही, हात वर नेणं नाही. तेव्हापासून सकाळचं खाणं चुकत नाही.

इतवारी, मधुमेह
एकटा राहतो. पायाला जखम आहे, उभं राहायची मनाई. इन्सुलिन घेतल्यावर जेवायला उशीर झाला की शुगर उतरते, म्हणून जेवण हाताशीच लागतं. सातूचं पीठ (भाजलेले गहू आणि डाळवं दळून केलेलं) ताकात कालवतो, त्यात जिरेपूड, मीठ, कांदा. सोबत काकडी. गुळाचा सातू लहानपणापासूनचा आवडता, पण आता नाही. शुगर ७० च्या खाली गेली तर मात्र आधी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, जेवण त्यानंतर. साखरेची डबी पलंगाशेजारीच असते.

प्रतापनगर, किडनी
काका, तुमचा सातू आमच्याकडे चालत नाही. यांचं डायलिसिस सुरू आहे. डाळी, टमाटर, शहाळ्याचं पाणी, संत्री, सगळ्यांत पोटॅशियम. नागपुरात राहून संत्र्याला नाही म्हणणं यांच्या फार जिवावर येतं. मी पोहे धुऊन निथळते, तेल, काकडी, लिंबाचे थेंब आणि नावाला मीठ. एक कळकळीची विनंती : किडनीच्या माणसासाठी 'कमी सोडियमचं' मीठ आणू नका. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं.

जरीपटका, लेकीला सिकलसेल
दुखणं उठलं की तिला घास नको होतो, आणि अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं वाढतं. म्हणून तिचं जेवणच पिण्याजोगं करते : पातळ सातू, ताक, दुधात कुस्करलेलं केळ. घोट-घोट, दिवसभर. बर्फगार काही नाही, गारठ्यानेही तिचं दुखणं उठतं.

धंतोली, केमो सुरू
कच्ची मोडाची कडधान्यं आणि बाहेरची कापलेली फळं डॉक्टरांनी बंद केलीत. तोंड आलंय, तिखट-आंबट सोसत नाही. केळी खाऊन कंटाळले. आणखी काय खाऊ?

महाल
ताई, राजगिऱ्याच्या लाह्या घ्या. उकळून गार केलेल्या दुधात भिजू द्या, वर थोडी साखर. चावावं लागत नाही. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, आणि जमलं का ते कळवा.