प्रीमियर प्रोसाठी रायझन 5 7600 की आय5-13400? बेंचमार्क बघून ठरत नाहीये

भांडुपकर
नमस्कार मंडळी. मी लग्नं, मुंजी आणि गणपतीत मंडळांचे कार्यक्रम शूट करतो, प्रीमियर प्रोमध्ये एडिटही स्वतःच करतो. जुनं मशीन आय5-7400 चं आहे. नवीन सोनी कॅमेरा घेतल्यापासून 4के फुटेज टाइमलाइनवर टाकलं की प्ले दाबून वाट बघत बसावं लागतं. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 3060, ते तेच ठेवणार. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात एएमडीचा रायझन 5 7600 प्रोसेसर सांगितला, दुसरीकडे इंटेलचा आय5-13400एफ. सिनेबेंच आर23 या वेग मोजणाऱ्या बेंचमार्कमध्ये मल्टी-कोअरला इंटेल पुढे, सिंगलला रायझन. वर एकाच 13400 चे आकडे दोन चॅनलवर दोन वेगळे. कुठल्या आकड्यावर पैसे लावू? खोलीत एसी नाही. गणपतीच्या आत मशीन उभं राहायला हवं.

कांदिवली_गेमर
7600 डोळे झाकून घ्या. एएम5 सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) आहे, उद्या त्याच बोर्डवर 7800एक्स3डी नाहीतर 9800एक्स3डी बसेल. इंटेलच्या 1700 सॉकेटला 14व्या पिढीनंतर पुढे काही नाही. गेममध्येही 7600 वरचढ.

परळकर
सॉकेटचं म्हणणं सोळा आणे खरं आहे, पण भांडुपकरांना गेम खेळायचे नाहीत. मी एडिटिंगवाल्यांचीच मशीनं जोडून देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिनेबेंचमध्ये सगळे कोअर मिळून एक 3डी चित्र रेंडर करतात. 13400 मध्ये 6 मोठे आणि 4 छोटे कोअर, एकूण 16 थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). 7600 मध्ये 6 कोअर, 12 थ्रेड, पण क्लॉक 5.1 गिगाहर्ट्झपर्यंत जातो; इंटेलचा 4.6. म्हणून मल्टीला इंटेल पुढे, सिंगलला रायझन. एकाच प्रोसेसरचे दोन आकडे येतात ते बोर्डामुळे. 13400 ला थोडा वेळ 148 वॉटपर्यंत खेचायची मुभा असते, मग त्याने 65 वर उतरायचं. बरेच बोर्ड ही मर्यादा उठवून ठेवतात. तेव्हा एका फेरीचा आकडा सोडा, 10 मिनिटं सलग चालवलेला बघा. आणि तो आकडा बहुतेक वेळा एसी खोलीतला असतो. तुमच्या खोलीत मे महिन्यात 34 डिग्री असेल तर जास्तीचे दहा-बारा डिग्री थेट प्रोसेसरच्या तापमानात जमा होतात. दोन्हींबरोबर कुलर मिळतो, तरी छोटा टॉवर कुलर घ्याच.

पण तुमचं दुखणं यातल्या कुठल्याच आकड्यात दिसत नाही. तुमचं मशीन अडतंय ते फाइल उलगडताना, म्हणजे डिकोडला. एक्स्पोर्टचं ओझं 3060 चा एन्कोडर उचलतो. डिकोडला मात्र फुटेज कुठलं आहे यावर सगळं ठरतं. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक क्लिप उघडा आणि दोन ओळी इथे टाका: फॉरमॅट आणि क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती साठवली आहे ते). हे कळल्याशिवाय कोणी प्रोसेसर सांगू नये आणि तुम्ही ऐकू नये.

भांडुपकर
परळकर, हे घ्या. फॉरमॅट एचईव्हीसी, क्रोमा 4:2:2, 10 बिट. कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग एक्सएव्हीसी एचएस वर ठेवलंय.

परळकर
मग प्रश्न मिटला. एचईव्हीसी म्हणजेच एच.265, आणि त्यातलं 4:2:2 फुटेज तुमचं 3060 हार्डवेअरवर उलगडू शकत नाही. एनव्हिडियाने ती सोय 2025 मध्ये 50 मालिकेच्या कार्डांत दिली. 7600 मधल्या ग्राफिक्सलाही ते जमत नाही. इंटेलच्या क्विक सिंकला, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या आतल्या हार्डवेअरला, जमतं, आणि ते 13400 च्या आतल्या यूएचडी 730 मध्ये आहे. म्हणून सिनेबेंचमध्ये कोणी कितीही पुढे असो, तुमच्या टाइमलाइनवर 13400 मोकळा धावेल आणि 7600 सगळे कोअर लावूनही हाफेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं: एफ घेऊ नका. 13400एफ मध्ये आतलं ग्राफिक्सच बंद असतं, त्याबरोबर क्विक सिंकही जातं. दुकानदार म्हणेल, कार्ड आहे ना, मग जास्तीचे पैसे कशाला? गेमवाल्याला हा सल्ला बरोबर आहे. तुम्हाला दिला तर ज्याच्यासाठी इंटेल घ्यायचा तेच काढून दिल्यासारखं होईल. याचं मला फार वाईट वाटतं, कारण माझ्याकडे असे लोक येतात, नवं मशीन घेऊनही प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या कॉपी, बनवत बसलेले.

जोडल्यावर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, आतलं ग्राफिक्स चालू करा. कार्ड लावलं की काही बोर्ड ते आपोआप बंद करतात. मग प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली हार्डवेअर डिकोडिंगला इंटेलवर टिक आहे का बघा. आणि 13400 साठी बी760 चा डीडीआर4 रॅमवाला बोर्ड मिळाला, आणि जुन्या मशीनची रॅम डीडीआर4 असली, तर ती सध्या त्यातच चालेल. 7600 ला डीडीआर5 विकत घ्यावीच लागली असती.

कांदिवली_गेमर
4:2:2 चं मला माहीत नव्हतं, छान माहिती. पण इंटेलच्या 13व्या पिढीचे प्रोसेसर क्रॅश होत होते, त्या भानगडीचं काय?

परळकर
2024 मध्ये इंटेलने वॉरंटी वाढवली ती 13600के आणि त्यावरच्या चिप्सची, 13400 त्या यादीत नाही. बायोस मात्र नवाच टाका. आणि उद्या कोणी साधं 8 बिट 4:2:0 फुटेज घेऊन हाच प्रश्न विचारला, तर मी त्याला 7600 च सांगेन. ते फुटेज 3060 आरामात उलगडतं आणि एएम5 चा फायदा उरतो.

भांडुपकर
शनिवारी लॅमिंग्टन रोडला जायला ग्रँट रोडला उतरतोय. एफ नसलेला साधा 13400 दोन्ही दुकानांत फोन करून विचारला. एकाकडे आहे, दुसरा म्हणतो मागवावा लागेल.

परळकर
आहे म्हणणाऱ्याकडे जा. पैसे देण्याआधी खोक्यावरचं लेबल स्वतः वाचा, बिलावरही पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या.