दारूची केस आणि हेवी लायसन: जे पक्कं माहीत आहे ते लिहा

हायवेकाठचा
ऊस सुरू झाला. कोगनोळीपासून हिरेबागेवाडीपर्यंत रात्रभर लॉऱ्यांची रांग. काल ढाब्यावर एक पोरगं सांगत होतं, "लायसन पोलिसांनी घेतलंय, पण पावती आहे की, चालवतो." हेच वाक्य पूर्वीही कितीदा कानावर आलंय, ते आठवलं म्हणून धागा काढतोय.

पावतीवर गाडी चालवता येत नाही! दुसऱ्या काही प्रकरणांत पावती लायसनच्या जागी चालते, म्हणून हा घोळ होतो. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसमध्ये पोलीस मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ खाली लायसन काढून घेतात आणि आरटीओकडे पाठवतात. ती पावती फक्त लायसन जमा केल्याची खूण आहे, चालवायची परवानगी नव्हे.

दुसरं म्हणजे केस एक असली तरी कारवाया दोन होतात. कोर्टात कलम १८५ : पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी १५,००० किंवा २ वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आरटीओत कलम १९ : पहिल्या वेळी ३ महिने लायसन बंद, दुसऱ्या वेळी लायसनच रद्द. कोर्टात दंड भरला म्हणजे आरटीओचं मिटलं असं होत नाही. इथंच बहुतेक ड्रायव्हर फसतात.

निपाणी_लॉरी
बरोबर. आणि ही केस जागेवर पैसे भरून मिटत नाही, ऑनलाईन चलन भरूनही नाही. तडजोडीच्या यादीत १८५ नाहीच, कोर्टात उभं राहावंच लागतं. "इथंच भरा, मिटवतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

चिकोडीची ताई
३ महिने बंद म्हणजे फक्त हेवी बंद का? मोटरसायकल चालते की नाही?

हायवेकाठचा
ताई, ऑर्डर नीट वाचावी लागते. कायद्यात "सर्व किंवा कोणत्याही वर्गाची वाहनं" असं आहे. सगळे वर्ग लिहिले असतील तर घरची मोटरसायकलसुद्धा बंद. ऑर्डर हातात आली की आधी वर्गाची ओळ बघा, मग तारीख.

खानापूर रोड
मुख्य गोष्ट कोणी बोलंना. सकाळी सापडणारे!

मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. ६५ किलोच्या माणसानं १८० ची क्वार्टर घेतली तर रक्तात साधारण १३० ते १४० पर्यंत जातं. शरीर तासाला अंदाजे १५ उतरवतं. रात्री ११ ला प्यायला बसलेला माणूस पहाटे ३ ला अजून ७५ च्या आसपास असतो. ३० च्या जवळ यायला सकाळचे ६ वाजतात, पूर्ण उतरायला ८. स्ट्राँग बिअरची ६५० ची बाटलीसुद्धा ९० च्या आसपास नेते, म्हणजे मर्यादेखाली यायलाच चार तास. वजन कमी, पोट रिकामं, तर आकडे आणखी वाईट.

बेळगावच्या मार्केटातून गोव्याला भाजी नेणाऱ्या गाड्या पहाटेच्या आधी निघतात. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. त्या ड्रायव्हरला वाटतं, झोप झाली, तोंड धुतलं, चहा घेतला, आता काही नाही. चहानं झोप जाते, रक्तातली दारू जात नाही. कांदा, बडीशेप, थंड पाण्याची आंघोळ, कशानंच नाही. वेळच लागतो.

अथणीकर
हे प्रत्येक गाडीच्या केबिनमध्ये चिकटवायला पाहिजे बगा.

निपाणी_लॉरी
दारू तपासायला फुंकायला लावतात त्या मशीनबद्दल. नळी नवीन लावायला सांगा, प्रत्येकाला वेगळी. खोकल्याचं औषध किंवा माऊथवॉश नुकतंच घेतलं असेल तर तोंडातल्या अल्कोहोलनं आकडा फुगतो. तसं स्पष्ट सांगा, चूळ भरा, १५ मिनिटांनी परत फुंकू द्या म्हणा. छापील स्लिप मागून घ्या आणि त्यावरची वेळ बघा. अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. पण "फुंकत नाही" म्हणून अडून बसू नका. कारण नसताना नकार दिला तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो.

गोकाक४९
ट्रॅक्टरला हे लागू हाय काय? आमच्याकडं फॅक्टरीला दोन-दोन ट्रॉल्या जातात.

अथणीकर
लागू म्हणजे लागूच, ट्रॅक्टर पण मोटार वाहनच की. आणि ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर पट्टी लावा रे बाबांनो, फॅक्टरीच्या गेटवर तासन्‌तास उभ्या असतात, रात्री काही दिसत नाही.

गोकाक४९
पट्टी लावली तरी चिखलानं झाकते. रोज पुसायला पाहिजे. मागच्या ट्रॉलीची आधी.

चिकोडीची ताई
आमच्या घरच्या दोन गाड्या. ड्रायव्हर सापडला तर मालकाला काय?

खानापूर रोड
ताई, तीन गोष्टी.
प्यालेला दिसतोय आणि तरी किल्ली दिली तर कलम १८८ आहे. साथ देणाऱ्याला तीच शिक्षा, जी १८५ मध्ये आहे.
लायसन बंद असताना त्याला गाडीवर पाठवलं तर मालकाला कलम १८०, ५,००० दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ड्रायव्हरला वेगळं कलम १८२, दंड १०,००० किंवा कैद ३ महिन्यांपर्यंत किंवा दोन्ही.
तिसरं इन्शुरन्स. ड्रायव्हर प्यालेला असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम मिळत नाही. समोरच्याला भरपाई द्यायची वेळ आली तर कोर्ट अनेकदा कंपनीला आधी भरायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. शेत विकायची पाळी येते ती इथं, दहा हजारांच्या दंडात नव्हे.

म्हणून ड्रायव्हर ठेवताना कार्ड बघून थांबू नका. लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकून सारथी पोर्टलवर (लायसनची सरकारी वेबसाइट) स्थिती बघा. दर महिन्याला बघितलं तर आणखी बरं.

चिकोडीची ताई
धन्यवाद दादा. आजच बघते. किल्लीचं माहीत नव्हतं.

सीमेपलीकडचा_कागल
लायसन कोल्हापूरचं, म्हणजे एमएच-०९ चं, आणि सापडला कर्नाटकात, तर काही होत नाही असं आमच्याकडं सर्रास बोलतात.

हायवेकाठचा
मामा, ते दिवस गेले. सारथीवर नोंद पडली की कागल काय आणि निपाणी काय, दोन्हीकडं तेच दिसतं. बंदीच्या मुदतीत दुसऱ्या आरटीओतून नवीन लायसन काढणं पण बेकायदाच, कारण बंदी असते ती "लायसन बाळगायला किंवा मिळवायला".

बसस्टँडजवळ
सरकारी बसच्या ड्रायव्हरला तर खात्याची चौकशी वेगळी. कोर्टाचा निकाल यायच्या आधीच सस्पेंड होतो. घरच्यांचे हाल बघवत नाहीत.

अथणीकर
शाळेच्या बसचं पण लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दारूचं एकदा जरी चलन झालं असेल तर तो ड्रायव्हर शाळेच्या गाडीवर ठेवायचा नाही.

वडगावचा छोटा हत्ती
छोट्या हत्तीला (टाटा एस टेम्पो) ट्रान्सपोर्टचं लायसन लागतं का नाही, ते एकदा सांगा कोणीतरी. प्रत्येक जण वेगळं सांगतो.

निपाणी_लॉरी
एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन चालतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ ला सांगितलं, नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानं कायम केलं. पण दारूच्या केसमध्ये तेच एलएमव्ही बंद होतं, मग छोटा हत्ती पण उभाच.

हायवेकाठचा
नोटिशीचं राहिलं. आरटीओ लायसन बंद करायच्या आधी म्हणणं मांडायची संधी देते. नोटीस कानडीत येते. वाचता येत नाही म्हणून खिशात ठेवून देऊ नका, त्याच दिवशी शेजारच्या कुणाकडून तारीख वाचून घ्या. जाताना नोटीस, पोलिसांची पावती, मशीनची स्लिप आणि कोर्टाचा कागद असेल तर तो, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. म्हणणं तोंडी सांगून येऊ नका, लिहून द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. ऑर्डर विरुद्ध गेली तर अपील ३० दिवसांत.

आणि ३ महिने संपले की लायसन आपोआप हातात येत नाही. रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण केल्यावरच परत मिळतं. तिसरा महिना संपायची वाट बघत बसू नका, चौकशी आधीच करा, नाहीतर हंगामाचे आणखी दिवस जातात.

खानापूर रोड
टँकरवाल्यांनी जास्त जपा. लायसनवरची धोकादायक मालाची नोंद ३ वर्षांचीच असते, नूतनीकरणाला ट्रेनिंग लागतं. बंदीच्या काळात ती मुदत संपली तर दोन्ही कामं एकदम करावी लागतात.

गोकाक४९
चोर्ल्यात आज धुकं हाय काय? भाचा रात्री भाजी घेऊन निघतोय.

खानापूर रोड
कणकुंबीपासून पुढं दाट आहे. सावकाश जा म्हणा, पिवळा दिवा लावून. जेवला का तो?

गोकाक४९
जेवला. नुसता भात-आमटी. संध्याकाळपासून झोपलाय, दोनला उठवतो.