आपल्या 'रेडिओ'च्या आठवणी हव्यात

मंडळी, येत्या श्रावणात आपल्या मित्राला, ज्याला आपण सगळे 'रेडिओ' म्हणायचो, जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्धाला वहिनींना त्याच्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे. परवा सदाशिव पेठेत गेलो तर त्यांनी माळ्यावरचा बुटांचा खोका पुढ्यात ठेवला. आत कार्डंच कार्डं! रेडिओ मॉस्को, डॉइचे वेले, रेडिओ नेदरलँड. प्रत्येकावर तारीख आणि फ्रिक्वेन्सी. "भावजी, हे नेमकं काय असायचं?" सीओईपीचे (पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज) होस्टेलवाले आणि खोडदचे सहकारी, कृपया लिहा. नुसती स्तुती नको, प्रसंग द्या.

रूम पार्टनर :
ती क्यूएसएल कार्डं, म्हणजे स्टेशन ऐकल्याची त्या स्टेशनने दिलेली पोच. लांबचं शॉर्टवेव्ह स्टेशन ऐकायचं आणि त्यांना रिपोर्ट धाडायचा: काय लागलं होतं, शिवाय सिन्पोचे पाच आकडे. सिग्नल, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, खरखर, आवाजाचं वरखाली होणं आणि एकूण दर्जा, प्रत्येकाला पाचपैकी गुण. रिपोर्ट जुळला की कार्ड यायचं. जुन्या बाजारातून आणलेला व्हॉल्व्हचा सेट आणि अँटेना म्हणून गॅलरीभर ताणलेली तांब्याची तार. पोरं तिच्यावर बनियन वाळत घालायची. हा रात्री ते काढून, घड्या करून ज्याच्या त्याच्या खाटेवर ठेवायचा आणि ३१ मीटरच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यावर कान लावून बसायचा. "सगळे पाच टाक, कार्ड लवकर येईल," म्हटलं तर म्हणाला, "ऐकू आलं तेवढंच लिहायचं."

खोडदचा सहकारी :
जीएमआरटीत, म्हणजे खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर, तो रिसीव्हरच्या कामात होता. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, पण भरीव पत्रा कुठेच नाही. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेप्रमाणे स्टीलच्या दोरांवर ताणलेली तारेची जाळी, त्यामुळे वारा आरपार जातो. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण की जवळपासच्या विजेच्या तारेवरची ठिणगीसुद्धा त्याला झाकून टाकते. एकदा असाच आवाज शिरला. हा जीपमधून हातातला अँटेना फिरवत, हेडफोन लावून शेताशेतांतून हिंडला आणि थेट एका खांबाखाली थांबला. वरचा इन्सुलेटर तडकलेला. त्याच शेतकऱ्याकडे आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. होस्टेलमधला कान त्याने नोकरीतही तसाच वापरला, हे पुस्तिकेत यायलाच हवं.

कोथरूडहून :
त्याने दुरुस्त केलेला मर्फी रेडिओ आईकडे अजून चालतो. सकाळी ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचं पुणे केंद्र लागतं. छपाईचा खर्च माझ्याकडे, फक्त त्या खांबाचा मजकूर कापू नका.