गादी सरकलीय म्हणतात, मग व्यायाम नक्की कुठला करायचा?

शिवणकाम_इचलकरंजी:
नमस्कार, वय ४३, ब्लाऊज शिवते त्यामुळे दिवसभर मशीनवरच. वर्ष झालं कंबर दुखतेय, सकाळी आखडलेली असते आणि संध्याकाळी उठताना सरळच होता येत नाही. एमआरआयमध्ये एल४-एल५ला, म्हणजे कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमधे, डिस्क बल्ज (गादी बाहेर फुगलेली) आहे, ऑपरेशन नको म्हणाले, पट्टा दिला आणि व्यायाम करा म्हणाले पण कुठला ते कोणी नीट सांगेना. यूट्यूबवर एक जण भुजंगासन सांगतो, दुसरा म्हणतो वाकूच नका, जाऊबाई म्हणतात पिलाटीज (पोट-पाठ बळकट करायचे व्यायाम) लाव. आता वाकायचीच भीती बसलीय, पाण्याची कळशीसुद्धा उचलत नाही. कुणाला कशाने फरक पडला?

घाटवाट:
ताई चाला. मला तरी त्यानेच गुण आला. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात ऑस्ट्रेलियातला अभ्यास आलाय, ७०१ लोक होते, चालणाऱ्यांपैकी निम्म्यांची कंबर परत धरेपर्यंत २०८ दिवस गेले आणि बाकीच्यांत ११२च.

फिजिओ_कोल्हापूर:
चालणं उत्तमच, फक्त त्या अभ्यासातले लोक कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले होते, ताईंचं दुखणं अजून चालू आहे. तीन महिन्यांवर गेलं की आम्ही त्याला जुनाट म्हणतो.

ताई, आधी त्या बल्जची भीती काढा. अजिबात कंबर न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तर विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांत बल्ज दिसतो, वय वाढेल तसा आणखी. म्हणजे रिपोर्टमध्ये बल्ज आहे म्हणजे वाकलं की काहीतरी तुटणार असं नाही. आणि प्रकाराचं म्हणाल तर पिलाटीज, योगासनं, मॅकेन्झी (कंबर ठराविक दिशेने पुन्हा पुन्हा वाकवायचे व्यायाम), जिममधलं वजन, सगळ्यांनी थोडाफार फायदा होतो, फरक पडतो तो नेमाने करण्याने, त्यामुळे जे तुम्ही महिनोन् महिने कराल तेच घ्या. मी सुरुवात अशी करून देते: उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणं (ब्रिज), घोडा-घोडा करतो तसं हातागुडघ्यांवर येऊन एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे, पालथं झोपून छाती थोडी वर, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठबस. आठ-दहा वेळा, जमेल तेवढंच, मग दर आठवड्याला थोडं वाढवायचं. करताना थोडं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाढलेलंच राहिलं तर प्रमाण कमी करा, बंद नका करू. कळशीसुद्धा परत उचलायचीय, आधी पाव भरून, मग अर्धी. इतके दिवस न उचलल्याने पाठ आणखी कमजोर होते हो, मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

नाशिकची_माई:
एक राहिलं. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधे बधिरपणा, पाऊल लुळं पडणं असं काही झालं तर व्यायाम नाही, लगेच हॉस्पिटल. आणि ताप, वजन उतरणं, रात्री झोपूनही न थांबणारं दुखणं असेल तर डॉक्टरांना सांगाच, मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून सापडतो.

शिवणकाम_इचलकरंजी:
नाही माई, तसलं काही नाही. खूप धीर आला सगळ्यांचं वाचून. पण पट्टा लावू की काढू?

फिजिओ_कोल्हापूर:
जुनाट कंबरदुखीला नेहमीचा उपाय म्हणून पट्टा नको असंच २०२३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ज्यांनी दिला त्यांना विचारून रोज थोडा थोडा वेळ कमी करत काढा. आणि दर ब्लाऊजनंतर मशीनवरून उठून अंगणात एक फेरी मारा.