आईने टिकली लावली, पुढे काय?

मिरजकर: वडिलांना जाऊन आठ महिने झाले. परवा आईने आपण होऊन टिकली लावली आणि आतेबहिणीच्या हळदीला येणार असल्याचे सांगितले. तेव्हापासून घरातील वडीलधाऱ्या बायका तिच्याशी बोलत नाहीत. तिच्या पाठीशी नेमके कसे उभे राहावे?

घाटमाथा: शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो घरी सांगून पाहा. मात्र ठरावाने फार तर बळजबरी थांबते. भरल्या मांडवात टिकली लावून शिरण्याचे धैर्य प्रत्येकीला स्वतःच गोळा करावे लागते.

जुनी_वाचक: सोळा वर्षांपूर्वी मी हेच केले. पहिल्या समारंभात मला कोपऱ्यात बसवले गेले, पण धाकट्या जावेने सर्वांसमोर माझ्या हाताला हळद लावली आणि त्यानंतर कुजबुज (निदान माझ्या कानांपर्यंत येणारी) थांबली. भाषणे नकोत, तिच्या शेजारी बसा.

मिरजकर: हळद गुरुवारी आहे. नवरीला पहिली हळद आईने लावावी, याविषयी आत्याशी आजच बोलते.